सव्वापाचचं पाणी

गोरेगावच्या एका ताईंनी विचारलं आहे: "आमची पाच मजल्यांची इमारत, चोवीस बिऱ्हाडं. पाणी पहाटे सव्वापाचला येतं आणि पावणेआठला जातं. कधी फोर्सच नसतो. महिन्यातून दोन-तीनदा सकाळी नऊच्या आत गच्चीवरची टाकी रिकामी होते. लिफ्ट आठवड्यातून एकदा तरी बंद. प्लंबर 'दहा मिनिटांत येतो' म्हणतो आणि संध्याकाळ होते. मी वैतागले की सासूबाई म्हणतात, 'आहे त्यात समाधान मानावं, आम्ही काय काय काढलं.' मलाही समाधानी राहायचंय, पण चिडचिड होते आणि ती घरातल्यांवरच निघते. काय करू?"

ताई, मी अठ्ठावीस वर्षं इमारतींचे पंप, नळ आणि वायरिंग यांची कामं करतोय. भांडुपला मामाच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात हाताखाली लागलो, आता माझी स्वतःची चार माणसं आहेत आणि मुलुंडपासून दादरपर्यंतच्या बऱ्याच सोसायट्यांची देखभाल आमच्याकडे असते. तुम्ही ज्याची वाट बघत बसता, तो माणूस मी आहे. म्हणून उत्तर जरा लांबेल.

आधी सासूबाईंबद्दल. त्यांनी बहुतेक चाळीतला सामाईक नळ पाहिला असेल, पहाटे तीनला उठून हंडे रांगेला लावले असतील. अशा माणसाला घरातल्या घरात नळ सोडला की धार लागते, ही गोष्ट आजही मोठी वाटते आणि ती मोठी आहेच. त्यांचं समाधान खरं आहे, कारण ते त्यांच्या स्वतःच्या खांद्यावरून आलंय. तुमच्या खांद्यावर हंडा नव्हता, त्यामुळे त्यांचं समाधान तुम्हाला उसनं घेता येणार नाही. तुमची चिडचिडही खरी आहे. पैसे भरून, वेळेवर मेंटेनन्स देऊन, नऊ वाजता कोरडा नळ बघावा लागला तर माणूस चिडणारच. 'आहे त्यात समाधान मान' हे वाक्य मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये फार ऐकलंय, आणि बऱ्याचदा ते असा माणूस म्हणतो ज्याचं घर पहिल्या मजल्यावर असतं. समाधानाचा उपयोग कुणाचं तोंड बंद करायला करू नये, असं मला मनापासून वाटतं.

पण मला अनुभवाने एक गोष्ट पटलीय. पाणी, वीज, लिफ्ट आपल्या घरापर्यंत कशी येते आणि कुणाच्या हातांनी येते हे ज्याला ठाऊक असतं, त्याचा राग बरोबर जागी जातो आणि त्याचे आभारही बरोबर माणसापर्यंत पोचतात. ज्याला ठाऊक नसतं त्याचे दोन्ही वाया जातात. राग वॉचमनवर नाहीतर घरच्यांवर निघतो, आणि आभार मानायचे राहूनच जातात. म्हणून मन शांत करण्याचे उपाय सांगण्याआधी मी तुम्हाला तुमच्या पाण्याची हकीकत सांगतो.

मुंबईला सात तलावांचं पाणी येतं. विहार आणि तुळशी हे दोन आपल्या शहराच्या हद्दीतच, राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरात. विहार १८६०चा, तुळशी १८७९चा. बाकीचे पाच दूर आहेत: तानसा, मोडक सागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा आणि भातसा. तानसाचं पाणी १८९२पासून येतंय, मध्य वैतरणाचं धरण अगदी अलीकडचं, २०१४चं. मोडक सागराला पालिकेच्याच एका अभियंत्याचं, मोडकांचं, नाव आहे. नळाला येणाऱ्या पाण्याला एका इंजिनिअरचं नाव असावं याचा मला का कोण जाणे फार आनंद होतो. वर्षभर शहर चालायला या सातही तलावांत मिळून साधारण १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर पाणी साठावं लागतं, आणि ते पावसाच्या चार महिन्यांतच साठतं. जुलैत लोक 'पाऊस थांबत नाही' म्हणून वैतागतात तेव्हा मी पेपरातला तलावांचा तक्ता बघत असतो.

वैतरणा आणि तानसाचं पाणी मोठ्या जलवाहिन्यांतून उतारानेच मुंबईकडे येतं. भातसाचं मात्र पिसे इथे नदीतून पंपाने उचलावं लागतं आणि पांजरापूरला शुद्ध होतं. भांडुपचं शुद्धीकरण केंद्र तर माझ्या लहानपणापासूनचा शेजारी, आशियातल्या मोठ्या केंद्रांपैकी एक. तिथून पाणी शहरभरच्या टेकड्यांवरच्या जलाशयांत जातं. मलबार हिलला हँगिंग गार्डनमध्ये लोक फिरायला जातात, त्या बागेच्या खाली असाच एक जलाशय आहे. आणि तिथून मग ठरलेल्या वेळी एकेका भागाला पाणी सोडतात.

ते सोडतं कोण? चावीवाला. खांद्यावर इंग्रजी टी अक्षरासारखी लांब लोखंडी चावी, रस्त्यातलं छोटं झाकण उघडायचं, चावी आत घालायची आणि मोजून आटे फिरवायचे. तुमचं सव्वापाचचं पाणी येण्याआधी तुमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर कुणीतरी हे करून गेलेलं असतं. शहरभर रोज असे शेकडो वॉल्व्ह उघडतात आणि बंद होतात, कारण सगळ्यांना एकाच वेळी द्यायचं म्हटलं तर कुणालाच फोर्स मिळणार नाही. तुमचा वॉल्व्ह पावणेआठला बंद होतो तो पुढच्या वस्तीला पाणी मिळावं म्हणून. अठ्ठावीस वर्षं मी याच धंद्यात आहे, तरी त्या माणसाचे कुणी आभार मानलेले मी एकदाच पाहिलेत. पाणी आलं नाही की मात्र सगळ्यांना तो आठवतो.

आता तुमच्या इमारतीकडे येऊ. पाणी कमी आहे म्हणजे बाहेरून कमी येतंय की आत आल्यावर वाया जातंय, हे ठरल्याशिवाय एकही तक्रार करू नका. निम्म्या सोसायट्या महापालिकेला शिव्या देत असतात आणि गळती त्यांच्याच गच्चीवर असते. उरलेल्या निम्म्या प्लंबर बदलत बसतात आणि खोट बाहेरच्या लाइनीत असते.

हे मोजायला मीटर उत्तम. पाणी यायच्या आधी आणि गेल्यावर रीडिंग घ्या. मीटर बंद असेल, आणि पुष्कळ ठिकाणी असतोच, तर काठीने मोजा. तुमची खालची सक्शन टाकी, म्हणजे बाहेरचं पाणी जिच्यात आधी साठतं ती, तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आहे असं धरू. त्यात दहा सेंटीमीटर पाणी चढलं म्हणजे ६०० लिटर आलं. मोटर बंद ठेवायची, काठी बुडवून ओल्या खुणेवर खडूने रेघ मारायची आणि दहा सेंटीमीटर चढायला किती मिनिटं लागतात ते बघायचं. सहा मिनिटं लागली तर मिनिटाला १०० लिटर. तुमचे अडीच तास धरले तर १५,००० लिटर. आता गरज बघा. शहरात माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण धरतात. चोवीस घरं, घरटी चार माणसं, म्हणजे ९६ जणांना १२,९६० लिटर. तेव्हा १५,००० येत असतील तर पाणी पुरेसं आहे आणि चोर घरात आहे. पण तेच दहा सेंटीमीटर चढायला पंधरा मिनिटं लागली तर दिवसाचं पाणी ६,०००च होतं, निम्म्याहूनही कमी, आणि मग तुम्ही हा आकडा घेऊन वॉर्ड ऑफिसला जायला मोकळ्या. 'पाणी कमी येतंय' ही कुरकुर झाली. 'तीन दिवस मोजलं, मिनिटाला ४० लिटर येतंय, पूर्वी शंभर यायचं' असं म्हणणाऱ्याला समोरचा इंजिनिअर खुर्ची देतो. मी अनेकदा पाहिलंय.

बाहेरून कमी येण्याचं एक कारण लोक चारचौघांत बोलत नाहीत. लाइनीवरच टुल्लू पंप, म्हणजे पाणी खेचणारी छोटी मोटर, लावून ओढणारी इमारत शेजारी असली की तुमचा फोर्स जातो. तुमच्याच इमारतीत तो नाही ना, हे आधी बघा. शिवाय असा पंप लाइन ओढतो तेव्हा पाइपात कुठे भेग असली तर आजूबाजूचं घाण पाणी आत खेचलं जातं. आपल्याकडे लाइन दिवसातले बरेच तास रिकामी असते, म्हणून तो धोका एरवीही असतोच. पहिली पाच मिनिटं गढूळ पाणी आलं तर ते लादी पुसायला ठेवा, आणि पावसाळ्यात प्यायचं पाणी उकळून घ्या.

चोर घरात असेल तर तो बहुतेक तीन ठिकाणी सापडतो. गच्चीवरच्या टाकीचा बॉलकॉक, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगता गोळा, अडकलेला असतो आणि वॉचमन मोटर लावून झोपतो. मग ओव्हरफ्लोचा पाइप अर्धा तास गच्चीवर वाहतो. दुसरं, मोटर सुरू करताना वॉचमनला रोज तिच्यात तांब्याने पाणी ओतावं लागतं का ते विचारा. ओतावं लागत असेल तर खालचा फूट वॉल्व्ह, म्हणजे पाइपातलं पाणी परत टाकीत उतरू न देणारी झडप, गेलाय. तो बदलला नाही तर एखाद्या पहाटे मोटर हवा धरेल, नुसती घुं घुं करत राहील, वर एक थेंब चढणार नाही आणि खाली टाकी भरलेली असेल. तुमची 'महिन्यातून दोन-तीनदा नऊच्या आत रिकामी' ही तक्रार वाचली तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा हेच आलं. आणि तिसरं म्हणजे संडासातले फ्लशचे टँक. आतलं रबर झिजलं की पाणी आवाज न करता भांड्यात उतरत राहतं, दिवसाला शेकडो लिटर. रात्री झोपताना टँकमध्ये खाण्याचा रंग टाका, अर्धा तास फ्लश करू नका, भांड्यात रंग उतरला तर गळती आहे. चोवीस घरांत एकाच रविवारी हे करून बघितलं तर किती टँक गळके निघतात याने तुमची कमिटी हादरेल.

लिफ्टबद्दल थोडक्यात. लिफ्ट बंद पडण्याच्या प्रकरणांत मला निम्म्याहून जास्त वेळा दाराचं कॉन्टॅक्ट किंवा लॉक सापडलंय. जाळीचं दार असेल तर कुणीतरी ते अर्धवट सोडून जातं, ऑटोमॅटिक असेल तर खालच्या खाचेत खडे, केस, पूजेचे तांदूळ अडकतात. ती खाच रोज ब्रशने झाडून घ्यायला सांगा, खर्च शून्य. वार्षिक करार पाहा, त्यात पार्ट येतात की नुसती भेट येते ते वाचा. २०१७ सालचा महाराष्ट्राचा लिफ्टचा कायदा आहे, लिफ्टला सरकारी परवाना आणि तपासणी लागते. ते कागद कमिटीकडून मागून बघायला लाजू नका. लिफ्ट मध्येच अडकली तर दार हाताने फाकवून उडी मारायची नाही, बेल वाजवून बसून राहायचं, एवढं मात्र घरातल्या प्रत्येक मुलाला सांगून ठेवा.

आता 'दहा मिनिटांत येतो'.

सकाळी सात ते दहा या वेळात माझा फोन खाली ठेवता येत नाही. साहजिक आहे, पाणी सगळ्यांकडे त्याच सुमाराला येतं, मोटरी त्याच वेळी लागतात, नळ त्याच वेळी फुटतात. एकाच वेळी पाच जण बोलावतात, माणसं चार. आणि खरं सांगायचं तर जो मोठ्याने ओरडतो त्याच्याकडे आधी माणूस जातो. 'नाही, मला संध्याकाळ होईल' असं म्हटलं तर गिऱ्हाईक दुसऱ्याला बोलावेल ही भीती असते, म्हणून तोंडातून 'दहा मिनिटं' निघून जातं. हे चूक आहे. मी ते अनेक वर्षं केलं.

एका मे महिन्यात विक्रोळीहून एका आजींचा सात वाजता फोन आला. चौथा मजला, एकट्या राहायच्या, फक्त त्यांच्याच घरात पाणी येत नव्हतं. मी म्हटलं, अर्ध्या तासात आलो. दुसरीकडे एका मोठ्या सोसायटीची मोटर जळाली होती, तिकडे अडकलो, मग आणखी एकाकडे. आजींचा पुन्हा फोन आला नाही, म्हणून मी धरून चाललो की पाणी आलं असेल. संध्याकाळी सहाला घरी परतताना आठवण झाली आणि गेलो. स्वयंपाकघराच्या ओट्यावर पितळेची कळशी होती. ती त्यांनी खालच्या नळावरून भरून, प्रत्येक मजल्यावर टेकवत टेकवत, दिवसभरात चार वेळा वर आणली होती. लिफ्ट नव्हती त्या इमारतीला. मी आत गेलो तेव्हा त्यांनी काही एक न बोलता त्याच कळशीतलं पाणी पेल्यात ओतून मला दिलं, उन्हातून आलाय म्हणून.

काम सात मिनिटांचं होतं. वरून येणाऱ्या पाइपात हवा अडकली होती. सांधा सैल केला, हवा फुसफुसत निघाली, नळ दोनदा खोकला आणि धार लागली. आजींनी धारेखाली हात धरला आणि तो बराच वेळ तसाच ठेवला. मी त्यांच्याकडून पैसे घेतले नाहीत, पण त्याने काही फिटत नाही. त्या दिवसापासून मी 'दहा मिनिटं' हा शब्द तोंडातून काढत नाही. माझ्या माणसांना सांगितलंय, फोनवर आधी विचारायचं की घरात कोण आहे. म्हातारं माणूस, तान्हं मूल, आजारी कुणी असेल तर ते घर पहिलं, मग मोटर कुणाचीही जळो.

तुम्ही तुमच्या बाजूने काय करू शकता ते सांगतो. फोन करताना 'नळ बिघडलाय' असं सांगू नका. फोटो पाठवा, नळ अर्धा इंची आहे की पाऊण, खालचा अँगल कॉक बंद होतो की तोही जाम आहे, ते सांगा. म्हणजे माणूस सामान घेऊनच येतो, नाहीतर एक फेरी बघण्यात आणि एक दुकानात जाते. घरातले सगळे वॉल्व्ह तीन महिन्यांनी एकदा फिरवून बंद-चालू करा, वर्षानुवर्षं न फिरवलेला वॉल्व्ह नेमका गरजेला हातात तुटून येतो. घाई नसेल तर अकरानंतरची वेळ मागा आणि ती पक्की मागा. आणि पैसे त्याच दिवशी द्या. सोसायट्यांमध्ये बिल चेकने निघतं, चेकला दोन सह्या लागतात, एक सही करणारा गावाला गेलेला असतो. दोन-दोन महिने पैसे अडकलेल्या सोसायटीचा फोन वाजला की कुणाचाही पाय जड होतो. ज्या ठिकाणी हातात पैसे मिळतात तिथे आमची माणसं न सांगता लवकर जातात. हे मी समर्थन म्हणून सांगत नाही, असं घडतं म्हणून सांगतोय.

आणखी एक गोष्ट आहे, ती बोलायला मला जड जातं. पुष्कळ इमारतींत 'कामगारांनी लिफ्टचा वापर करू नये' अशी पाटी असते. अशा इमारतीत सातव्या मजल्याची पाइपलाइन बदलायला माणूस पंचवीस किलोची पिशवी घेऊन जिना चढतो, आणि वर पोचल्यावर 'उशीर का झाला' हे ऐकतो. दिवसभर काम करायचं आणि संडासला जायचं म्हटलं तर स्टेशन गाठायचं. माझ्या हाताखालचा एक मुलगा, फार हुशार कारागीर, दुपारी पाणी पीत नसे. मी विचारलं तर म्हणाला, 'मग जायला लागतं, कुठे जायचं?' दिवसभर दुसऱ्यांच्या घरात पाणी खेळवणारा माणूस तहान मारून राहतो. ताई, तुम्ही समाधानाबद्दल विचारलंत म्हणून सांगतो, तुमच्या इमारतीत अशी पाटी असेल तर ती काढायचा ठराव पुढच्या मीटिंगमध्ये मांडा. आणि काम करणाऱ्याला घरातल्याच पेल्यातून पाणी द्या.

तोच मुलगा शहापूर तालुक्यातला. तानसा आणि भातसा ज्या तालुक्यात आहेत तोच शहापूर. दर उन्हाळ्यात तिथल्या कित्येक पाड्यांवर टँकर येतो. धरणाची भिंत दिसते इतक्या जवळच्या वाड्यांतल्या बाया झऱ्यावर वाटीवाटीने हंडा भरतात. एकदा एप्रिलमध्ये तो एका इमारतीच्या गच्चीवर ओव्हरफ्लो बघत उभा होता. मी म्हटलं, अरे बंद कर ना. त्याने बॉलकॉक बांधला आणि म्हणाला, 'शेठ, हे आमच्याकडचंच पाणी असेल.' एवढंच बोलला. त्याच्या आईला त्या आठवड्यात टँकर आला नव्हता.

हे मी तुम्हाला लाजवायला सांगत नाही. 'त्यांच्याकडे बघा, तुम्हाला मिळतंय ना' असं म्हणणं मला पटत नाही, त्याने ना शहापूरला पाणी मिळतं ना गोरेगावला. पण त्या मुलाचं वाक्य ऐकल्यापासून मला गळका नळ बघवत नाही. समाधानाबद्दल मला मोठंसं काही सांगता येत नाही, पण माझ्यात ते आलं असेल तर तिथून आलं. पाणी कुणाच्या तरी दारावरून माझ्याकडे आलंय हे कळलं की त्याची कमतरता जाणवते तशी किंमतही जाणवते. मग मी तक्रार जास्त करायला लागलो, कमी नाही, फक्त बरोबर जागी.

मुलुंडच्या एका सोसायटीच्या सेक्रेटरी निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांनी दोनशे पानी वही ठेवली. पाणी किती वाजता आलं, किती वाजता गेलं, फोर्स कसा, मोटर कुणी लावली, कोण दुरुस्तीला आलं, काय बदललं, किती पैसे. बिघडलं तेव्हाचं तर सगळेच लिहितात. बाईंनी चांगले दिवसही लिहिले: '५.१०ला पाणी. पूर्ण. मोटर ठीक.' पानंच्या पानं तशी. पुढे पाणी अचानक कमी झालं तेव्हा त्यांनी वही उघडली आणि कुठल्या तारखेपासून कमी झालं ते बोट ठेवून दाखवलं. त्याच्या दोन दिवस आधी रस्ता खोदला होता. ती तारीख बघून इंजिनिअरने माणूस पाठवला, एक वॉल्व्ह अर्धवट उघडा राहिलेला निघाला, चार दिवसांत पाणी पूर्ववत झालं. तोंडी तक्रारीत हे महिनाभर चाललं असतं.

पण मला त्या वहीतलं दुसरंच जास्त आवडतं. वर्षअखेरीला बाईंनी मोजलं तर पाणी अजिबात न आलेले दिवस अकरा निघाले. मीटिंगमध्ये लोक म्हणाले, काहीतरीच, निम्मं वर्ष पाणी नसतं. बाईंनी वही पुढे केली. माणसाला न आलेलं पाणी आठवतं, आलेलं आठवत नाही, हा काही कुणाचा दोष नाही, पण लिहिल्याशिवाय ते दिसत नाही. त्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्या दुकानात आम्ही पान्हे-मोटरींची पूजा करतो तशी त्यांनी पंपरूमची केली. झेंडूचा हार मोटरला, आणि वॉचमनला, सफाईवाल्या मावशींना आणि पहाटे वॉल्व्ह उघडणाऱ्या चावीवाल्याला बोलावून नारळ आणि पेढे दिले. चावीवाला म्हणाला, या रस्त्यावर मी नऊ वर्षं येतोय, इमारतीच्या आत पहिल्यांदा आलो. त्याने जाताना बाईंना सांगून ठेवलं की लाइनीचं काम निघालं तर आदल्या दिवशी वॉचमनला सांगून जाईन. आजही सांगून जातो.

विजेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक आठवण सांगतो. १२ ऑक्टोबर २०२०ला सकाळी जवळजवळ सगळ्या मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. करोनाचे दिवस. माझ्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक काका ऑक्सिजनच्या मशीनवर होते. मी पोचलो तोवर तळमजल्यावरच्या मुलांनी भरलेला सिलिंडर जिन्याने वर नेऊन लावला होता. ती मुलं कोण, तर ज्यांच्या क्रिकेटबद्दल त्याच काकांनी कमिटीकडे तीनदा तक्रार केली होती. मुंबईत वीज जात नाही याची आपल्याला इतकी सवय आहे की तो दिवस आला तेव्हाच कळलं, एरवी किती जण ती चालू ठेवत असतात. आणि ती गेल्यावर जिना चढून येणारी माणसं आपल्याच इमारतीत राहतात.

घरातल्यांवर निघणाऱ्या चिडचिडीचं काय, असं तुम्ही म्हणाल. माझा अनुभव एवढाच की हाताला करण्यासारखं काही सापडलं की ती निम्मी ओसरते. तेव्हा उद्या पहाटे हे करा. झाडूची लांब दांडी घ्या, ती स्वच्छ धुवून घ्या, खडू घ्या आणि पाच वाजता सक्शन टाकीपाशी जा. मोटर बंद आहे ना, बघा. झाकण उघडून वरूनच मोजा. टाकीत कुणीही उतरायचं नाही, वॉचमननेही नाही. बंद टाकीत प्राणवायू कमी असू शकतो आणि दरवर्षी त्यात चांगली माणसं जातात. घड्याळ बघायला सासूबाईंना खाली बोलवा, लिफ्ट चालू असेल तर. त्यांना पहाटे पाण्यासाठी उठायची सवय तुमच्यापेक्षा जुनी आहे. चाळीत पाणी किती वाजता यायचं ते विचारा आणि वहीच्या पहिल्या पानावर तेही लिहून घ्या. तीन दिवसांचे आकडे झाले की मला कळवा, टाकीची लांबी-रुंदी न विसरता. मग पंप बघायला लागतोय की वॉर्ड ऑफिसचं पत्र लिहायला लागतंय ते आपण ठरवू.